शंभर रुपये कर भरला, तर गावच्या पंचायतीत किती पोचतात?

डिचोलीकार
मंडळी, गेल्या रविवारच्या ग्रामसभेत पुन्हा तेच झालं. विषय वाड्यावरच्या साकवाचा होता. एका बाजूचा कठडा पावसात वाहून गेलाय. सरपंच म्हणाले, केंद्राचा निधी आला नाही. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, चहाच्या पुडीवरसुद्धा आम्ही जीएसटी भरतो, तो जातो कुठे? त्यावर पंच मंडळाने एकमेकांकडे पाहिलं आणि सभा कचऱ्याच्या विषयाकडे वळली.

तर प्रश्न असा: केंद्र कर गोळा करतं, राज्यांना वाटा देतं, राज्य पंचायतींना देतं, असं नागरिकशास्त्रात घोकलं होतं. प्रत्यक्षात हा पैसा कुठल्या वाटेने येतो आणि कुठे अडतो? माझं मत आधीच सांगून टाकतो. लोकसभेत दोन खासदार असलेल्या आपल्या गोव्याला दिल्लीत कुणी विचारत नाही. मत बदलायला तयार आहे, पण आकडे घेऊन या.

मांडवीतीर
अडतोय कुठे? वाटेत प्रत्येक जण थोडा थोडा सांभाळून ठेवतोय, हरवू नये म्हणून. :)

नाना_फोंडा
डिचोलीकार बाब, शंभर टक्के सहमत. कॅसिनो इथे, हॉटेलं इथे, बंदर इथे, दोन दोन विमानतळ इथे. दरडोई उत्पन्नात आपण देशात पहिल्या दोन-तिनांत. आणि वाटणीच्या वेळी? उत्तर प्रदेशला जवळजवळ अठरा टक्के, बिहारला दहा, आपल्याला अर्धा टक्कासुद्धा नाही. कमवायचं आम्ही आणि खायचं दुसऱ्यांनी.

आकडेमोड
नाना, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

केंद्राच्या करांपैकी जो भाग वाटणीत येतो, त्यातले ४१ टक्के राज्यांना द्यायचे असं पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ठरवलं. आधीच्या आयोगाचे ४२ होते. जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर एक टक्का कमी केला. या ४१ मध्ये गोव्याचा वाटा ०.३८६ टक्के ठरला. म्हणजे वाटणीतल्या प्रत्येक शंभर रुपयांतून गोव्याला साधारण सोळा पैसे. ऐकायला वाईट वाटतं.

आता लोकसंख्या बघा. २०११ च्या जनगणनेत आपण १४ लाख ५८ हजार. देशाच्या ०.१२ टक्के. म्हणजे डोकी मोजून वाटलं असतं तर पाचच पैसे आले असते. आपल्याला त्याच्या तिप्पट मिळतं.

कसं? पंधराव्या आयोगाच्या सूत्रात उत्पन्नातल्या अंतराला ४५ टक्के वजन होतं, म्हणजे जितकं राज्य गरीब तितकं जास्त. तिथे आपण मार खाल्ला. लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, वनं आणि पर्यावरणाला १०, लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याबद्दल साडेबारा, करवसुलीच्या प्रयत्नाला अडीच. पण क्षेत्रफळाच्या खात्यात लहान राज्यांसाठी किमान दोन टक्क्यांचा आधार दिला होता. ३,७०२ चौरस किलोमीटरचं आपलं राज्य, देशाच्या क्षेत्रफळात खरं तर ०.११ टक्के, पण हिशेबात दोन टक्के धरले. आपल्या वाट्याचा मोठा भाग या एका सवलतीतून आला. दिल्लीने लहान राज्याला विचारलं नाही असं निदान या ठिकाणी तरी म्हणता येणार नाही.

नाना_फोंडा
तुम्ही 'वाटणीत येणाऱ्या' करांबद्दल बोलताय. वाटणीत न येणारे सोडून दिलेत. उपकर आणि अधिभार. आयकरावर ४ टक्के आरोग्य-शिक्षण उपकर, पेट्रोल-डिझेलवर केंद्र जे घेतं त्याचा बहुतेक भाग उपकर-अधिभारच. त्यातला छदाम राज्याला मिळत नाही. आधी आपलं ताट वाढून घ्यायचं आणि मग उरलेल्यावर ४१ टक्क्यांची दानत दाखवायची.

आकडेमोड
हे मान्य. अनुच्छेद २७० नेच उपकर-अधिभार वाटणीबाहेर ठेवले आहेत आणि केंद्राने त्याचा पुरेपूर फायदा घेतलाय. हे दुखणं सगळ्याच राज्यांचं आहे, गोव्याचं वेगळं नाही.

आबोली
दोघेही राज्यावर अडकलात. धाग्याचा प्रश्न पंचायतीचा आहे ना?

निवृत्त_सचिव
आबोलीताईंचं बरोबर आहे. पंचायतीत हयात गेली, म्हणून लिहितो.

वरचे सोळा पैसे राज्याच्या तिजोरीत जातात. त्यातले पंचायतीला किती द्यायचे यावर दिल्लीचं बंधन नाही. पंचायतीकडे दिल्लीहून जे येतं ती वेगळी वाट आहे: वित्त आयोगाचं स्थानिक संस्थांसाठीचं अनुदान. पहिल्यांदा दहाव्या आयोगाने दिलं, १९७१ च्या ग्रामीण लोकसंख्येमागे माणशी शंभर रुपये. पंधराव्या आयोगाने पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांना देशभर मिळून २ लाख ३६ हजार कोटींच्या वर ठेवले. पण राज्याराज्यांत वाटायचं सूत्र होतं ९० टक्के लोकसंख्या आणि १० टक्के क्षेत्रफळ. इथे दोन टक्क्यांचा आधार नव्हता. त्यामुळे गोव्याच्या १९१ पंचायतींच्या हातात जे पडतं ते पाहून सरपंच आधी हसतो आणि मग डोक्याला हात लावतो.

त्यातही ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच, होते. अर्धे पिण्याचं पाणी, पर्जन्यजल वगैरे, अर्धे स्वच्छता आणि शौचालयं. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि कार्यालयाच्या खर्चाला हात लावायचा नाही. कागदावर शिस्त उत्तम आहे. आमच्या एका गावात घरोघर शौचालय, नळ होता, विहिरी होत्या. गरज होती गटाराची आणि साकवाची. वर्ष संपत आलं, पैसे खर्च झाले नाहीत तर पुढचा हप्ता अडतो, म्हणून मैदानाकडे सार्वजनिक शौचालय बांधलं. निवृत्तीनंतर एकदा तिकडून गेलो तर दाराला कुलूप, कुलपाला गंज, आणि खिडकीतून पाहिलं तर आतल्या बेसिनवर दुकानातलं प्लास्टिक तसंच. उद्घाटनाची फरशी मात्र स्वच्छ पुसलेली.

मांडवीतीर
फरशी पुसायला अबंधित निधी वापरला असणार.

कुंपणापलीकडे (सावंतवाडी)
आमच्याकडेही हीच बंधित-अबंधितची रड. पण एक फरक सांगतो. जीएसटी आला तेव्हा महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा करून जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गमावलेल्या महापालिकांना भरपाईची हमी दिली, दर वर्षी ८ टक्के वाढीसकट. मुंबईला दर महिन्याला हक्काचे पैसे येतात. आमच्या ग्रामपंचायतीला काय? आम्हाला भरपाई म्हणून शुभेच्छा मिळाल्या. मोठ्याचा आवाज मोठा, हे राज्याच्या आतही खरंच आहे.

निवृत्त_सचिव
जकातीच्या बदल्यातलं अनुदान आपल्याकडेही आहे, पंचायतींनाही मिळतं. पण ते केव्हा येणार हे सरकारच्या मर्जीवर. डिसेंबरात मागितलं तर मार्चअखेर 'आलं, आता खर्च करा'.

किनारपट्टीची
मी बार्देशच्या किनाऱ्यावरच्या गावातली, नाव सांगत नाही. ९० टक्के लोकसंख्या हे वाचून डोकं फिरलं. आमच्या गावची लोकसंख्या काही हजार. नाताळच्या आठवड्यात गावात किती माणसं असतात ते पहाटे पाचला या आणि कचऱ्याच्या ढिगावरून मोजा. शहाळी, बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा, एका पायातल्या चपला. (दुसऱ्या पायातली नेहमी समुद्रात जाते, का कोण जाणे.) पर्यटक हॉटेलच्या बिलावर जीएसटी भरतो, अर्धा केंद्राला, अर्धा राज्याला. गावाला त्यातलं थेट काहीच नाही. गावाला राहतो कचरा, बोअरवेलचं खारं पाणी आणि ट्रॅफिक. साळगावचा प्रकल्प झाला म्हणून निदान ओला कचरा न्यायला जागा झाली, पण दारातून उचलायचा, वेगळा करायचा, एमआरएफ (सुका कचरा वेगळा करायची) शेड चालवायची, माणसं ठेवायची, ते सगळं पंचायतीनेच.

वित्त आयोगाच्या हिशेबात पर्यटक हा माणूसच नाही. तो फक्त कर भरताना माणूस असतो.

आकडेमोड
+१. या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, माझ्या सगळ्या टक्क्यांपेक्षा.

कायद्याचा_किडा
किनारपट्टीताई, एक दार उघडं आहे. जीएसटीसाठी १०१ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा राज्यसूचीतली ६२ वी नोंद बदलली. करमणूक कर राज्याच्या हातून गेला, पण पंचायत किंवा पालिका जो करमणूक कर आकारते आणि वसूल करते, तो शिल्लक ठेवला. तामिळनाडूने २०१७ मध्येच स्थानिक संस्थांच्या करमणूक कराचा कायदा केला. केरळातही पंचायती आणि पालिका सिनेमाच्या तिकिटावर हा कर घेतात. संगीत महोत्सव, किनाऱ्यावरच्या तिकिटाच्या पार्ट्या, क्रूझ हे सगळं ज्या राज्यात आहे तिथल्या पंचायतींना याचा केवढा उपयोग आहे, विचार करा.

मेख ही की पंचायतीला कुठला कर लावता येईल हे अनुच्छेद २४३ एच प्रमाणे राज्य विधानसभा ठरवते. द्यायची सक्ती नाही. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींना निवडणुका दिल्या, आरक्षण दिलं, कामांची लांबलचक यादी दिली. पैसा मात्र राज्याच्या इच्छेवर सोडला.

नाना_फोंडा
म्हणजे आणखी एक कर. आधीच कमी आहेत का?

किनारपट्टीची
नाना, पार्टीला जाणाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही जाता का?

नाना_फोंडा
बायको वाचते हा धागा.

लिस्बनकार
मूळचा मडगावचा, इथे बरीच वर्षं. पोर्तुगालची पद्धत सांगतो, तुलनेला बरी पडेल. इथे ३०८ नगरपालिका आहेत आणि गावंसुद्धा त्यांतच येतात. केंद्र सरकार आयकर, कंपनी कर आणि व्हॅट या तीन करांच्या सरासरी वसुलीचे १९.५ टक्के पालिकांच्या समतोल निधीत टाकतं, कायद्यातच लिहिलेलं आहे. शिवाय पालिकेत राहणाऱ्यांच्या आयकरातले ५ टक्क्यांपर्यंत पालिकेचे. गंमत म्हणजे पालिकेला वाटलं तर ती ३ टक्केच घेते आणि उरलेले २ टक्के करदात्याला परत. त्यामुळे निवडणुकीत उमेदवाराला लोक सरळ विचारतात, तू किती ठेवणार नि किती परत देणार? घरपट्टीचा दरही ०.३ ते ०.४५ टक्क्यांच्या मर्यादेत पालिकाच ठरवते.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. लहान डोंगरी गावं रिकामी होत चालली आहेत आणि तिथल्या पालिका केंद्राच्या निधीवरच जगतात. पण हिशेब नागरिकाला दिसतो.

मांडवीतीर
आम्हाला चारशे वर्षं राज्य करून ही पद्धत शिकवली नाही, मेले!

लिस्बनकार
स्वतः तरी कुठे येत होती? हे सगळं इथे १९७४ नंतरचं, हुकूमशाही गेल्यावरचं.

खाजनकाठी
मांडवीतीर बाब, शिकवायची गरजच नव्हती, गोव्याकडे त्याआधीपासून स्वतःची पद्धत होती. थोडं अवांतर, पण विषयाला धरून आहे.

आफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने १५२६ मध्ये जो फोराल (सनद) लिहून काढला, तो गांवकरीच्या, म्हणजे गावच्या जुन्या सामूहिक कारभाराच्या, चालीरीतींचाच दस्तऐवज. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गाव सामूहिक जमीन कसायला द्यायचा, उत्पन्न गोळा करायचा, राजाचा ठरलेला सारा भरायचा, देवळाचा, बांधाचा, गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च भागवायचा आणि उरलं तर गांवकारांत वाटायचा. म्हणजे पैसा खालून वर जायचा. गावाने आधी गोळा करायचं, राजाला ठरलेलं द्यायचं. आज सगळं आधी वर जातं आणि मग झारीतल्या शुक्राचार्याला ओलांडून खाली येतं.

खाजनांत (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांत) ही रीत परवापरवापर्यंत जिवंत होती, काही ठिकाणी अजून आहे. मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची, मासळीचा हक्क घेणाऱ्याकडून पैसे यायचे आणि त्यातून बांधाची डागडुजी. बांध फुटला तर पणजीहून अभियंता यायची वाट बघत नसत, कारण तोवर शेत खारं झालेलं असायचं.

आबोली
सुंदर प्रतिसाद. पण गांवकरीत गांवकार कोण होते? बायका नाहीत, कष्टकरी जाती नाहीत. कुळांनी शेत कसायचं आणि उरलेल्याची वाटणी दुसऱ्यांनी करायची. ग्रामसभेत आज मी हात वर करून सरपंचाला प्रश्न विचारू शकते, तेव्हा माझी आजी विचारू शकली नसती. पैशाची वाट जुनी चांगली, माणसांची नवी.

खाजनकाठी
यावर वाद नाही.

सत्तरीचो_पूत
खाणींचं कुणीच काढलं नाही? २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या लीजवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या लीजवर १० टक्के रक्कम खाणीची झळ बसलेल्या भागासाठी. हा तर थेट जिल्ह्यातच राहणारा पैसा. पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजं रद्द केली आणि झराच आटला. आता लिलाव होऊन खाणी हळूहळू सुरू होतायत. आमच्या भागातल्या विहिरी आटल्या, शेतात लाल गाळ बसला. तिथे प्रतिष्ठानचे पैसे किती पोचले, विचारलं तर एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

कायद्याचा_किडा
थोडी पुस्ती: रॉयल्टी हा कर नाही, असं नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २५ जुलै २०२४ ला सांगितलंय. म्हणजे प्रतिष्ठानचा पैसा करवाटपात मोडत नाही. पण त्याच निकालाने खनिजाच्या जमिनीवर कर लावायचा राज्याचा अधिकार मान्य केला. राज्याला खरंच द्यायचं असेल तर मार्ग आहे.

जिपंचा_माणूस
जिल्हा पंचायतीचं नाव अजून कुणी घेतलं नाही, यातच सगळं आलं. उत्तर आणि दक्षिण मिळून ५० सदस्य. चौदाव्या आयोगाने अनुदान फक्त गावपंचायतींना दिलं, आम्हाला शून्य. पंधराव्याने चूक दुरुस्त करून आपल्यासारख्या दोन स्तरांच्या राज्यात जिल्ह्याला १५ ते ३० टक्के ठेवले. कामं म्हणाल तर शेड, पायवाट, बसथांबा. मतदारसंघात लग्नाला गेलो तर लोक विचारतात, 'तुम्ही नक्की करता काय?' आणि आमदारसाहेब बाजूलाच बसलेले असतात.

आकडेमोड
आता मुळाशी येऊ. केंद्रात वित्त आयोग, तसा राज्यातही दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचा आणि राज्याच्या करांत पंचायती-पालिकांचा वाटा ठरवायचा, असं अनुच्छेद २४३ आय सांगतो. गोव्याचा पहिला १९९९ चा. त्या गतीने एव्हाना सहावा व्हायला हवा होता. आपण तिसऱ्यावर रेंगाळलो. शेवटी पंधराव्या केंद्रीय आयोगालाच म्हणावं लागलं की मार्च २०२४ पर्यंत राज्य आयोग नेमून, शिफारशींवर काय केलं ते विधानसभेत मांडा, नाहीतर स्थानिक संस्थांचं अनुदान बंद.

डिचोलीकार, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: पैसा सगळ्यात जास्त अडतो तो पणजीत. केरळने १९९६ पासून राज्याच्या योजना खर्चाचा ३५-४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला, तेव्हा दिल्लीने त्यांना थांबवलं नाही. आपल्याकडे आमदारापेक्षा सरपंचाकडे जास्त पैसा असणं कुठल्याही पक्षाला परवडणारं नाही, म्हणून होत नाही.

डिचोलीकार
हे पटलं. दिल्लीवर खापर फोडणं सोपं होतं, कारण ती लांब आहे. पण मग पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न?

निवृत्त_सचिव
घरपट्टी, व्यापार परवाना, बांधकाम परवान्याचं शुल्क, फलक, बाजाराचा सोपो (विक्रेत्यांकडून घ्यायचं शुल्क). रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२४ च्या अहवालात देशभरच्या पंचायतींच्या उत्पन्नात स्वतःच्या करांचा वाटा अवघा एक टक्का निघाला. आपल्याकडे परिस्थिती बरीच बरी, पण बांधकाम परवाने ज्या गावात जास्त तिथेच. म्हणजे डोंगर कापला तर पंचायत श्रीमंत, राखला तर भिकारी. यावर कुणी बोलत नाही.

घरपट्टीचं सांगतो. तीन मजली बंगला, दारात दोन गाड्या, घरपट्टी वर्षाला एका जेवणाच्या बिलाएवढी. आणि ती भरायलाही माणूस मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तेही कुठल्या दाखल्यासाठी पंचायतीत यावं लागलं तर.

नाना_फोंडा
गरिबाचं काय? भाड्याच्या खोल्यांवर पोट असणाऱ्या विधवेचं काय?

आबोली
तिला सूट द्या ना. दिल्लीतल्या माणसाने विकत घेऊन वर्षाचे अकरा महिने बंद ठेवलेल्या घरालाही तिच्याच दराने पट्टी, हे तुम्हाला चालतं?

नाना_फोंडा
नाही चालत. तेवढ्यापुरतं तुमच्या बाजूने.

डिचोलीकार
काल ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आमच्या पंचायतीचं खातं उघडून पाहिलं. जमा, खर्च, आराखडा सगळं दिसतं, कुणालाही. बंधितातले पैसे पडून आहेत, अबंधित संपलेत. आणि साकव आराखड्यातच नाही! म्हणजे निधी आला असता तरी कठडा झाला नसता. पुढच्या ग्रामसभेत आराखड्यात घालायचा ठराव देतोय, सचिवांकडे लेखी, आगाऊ.

निवृत्त_सचिव
पोच घ्या, शिक्क्यासकट. आणि त्याच सभेत पुनर्मूल्यांकनाचा ठराव मांडा: व्यापारी वापर आणि बंद घरांची घरपट्टी वाढवायची, राहत्या लहान घरांना हात लावायचा नाही.

डिचोलीकार
मांडतो. अनुमोदनाला कोण?

मांडवीतीर
अनुमोदन मी देईन, तुमच्या गावचा मतदार नाही हीच अडचण.

जिपंचा_माणूस
मी मतदार आहे त्या तालुक्यातला. पण त्या रविवारी माझं एक लग्न आहे.